आग विझवायचा अलाउन्स

आमची टीम एकत्र जमली की किस्से सांगावे लागत नाहीत, ते आपोआप निघतात. कुणीतरी नुसतं "त्या दिवशी गॅस सिलिंडर..." एवढं म्हणायचा अवकाश, तिघं एकदम बोलायला लागतात आणि चहा तसाच गार होतो.

टीम म्हणजे आमच्या फॅक्टरीची फायर टीम. ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही प्लास्टिकचे पाइप बनवतो. सरकारी बंब येईपर्यंत आग थांबत नाही, म्हणून कामगारांतूनच व्हॉलंटियर घेतलेले. मी एरवी क्वालिटी लॅबमध्ये असतो. कुडाळचा सावंत वेल्डर. आणि आमचे कॅप्टन दाऊदभाई, रत्नागिरीकडचे, एक्स्ट्रूजन मशीनवरचे फोरमन. या कामाचा दरमहा थोडा अलाउन्स मिळतो. सुरुवातीला आम्ही सगळे त्या अलाउन्ससाठीच आलो होतो, उगाच खोटं कशाला बोला!

*

पहिलं ड्रिल होतं जुलैमध्ये. सोहारचा जुलै, भर दुपार. अंगात जाड सूट, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर हवेचा सिलिंडर. जिना चढा, उतरा, पाण्याने भरलेला होज ओढा, पुन्हा जिना चढा. नाव दिलेल्यांपैकी निम्मे पहिल्या जिन्यावरच गळाले.

दाऊदभाई मात्र वर जाऊन उभे! पन्नाशीचा माणूस, ओठ सुकलेले, पण आवाज खणखणीत. "यल्ला, यल्ला! आग काय एसी लावून वाट बघनार नाय तुमची!"

शेवटी सावंत सावलीत आडवा झाला. हेल्मेट काढायचंही त्राण नाही. तसाच पडल्या पडल्या त्याने विचारलं, "दाऊदभाई, हो अलाउन्स महिन्याचो काय मिनटाचो?"

*

सावंतची मुलगी इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकते. इंग्लिश फाडफाड, मराठी अडखळत. एकदा कुडाळच्या आजीचा व्हिडिओ कॉल आला. आजीने कौतुकाने विचारलं, "तुझो बापूस थंय काय करता गो?"

पोरीने छाती फुगवून सांगितलं, "आजी, पप्पा खूप ब्रेव्ह आहेत. त्यांना आग लावायचे पैसे मिळतात!"

मग फोनमधून जो आवाज आला तो शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेला असेल. "मेल्या, असले धंदे करूक धाडलंय काय तुका!"

*

आमच्या भिंतीला लागून एका म्हाताऱ्या ओमानी अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, लाकडी पॅलेटचं यार्ड आहे. एका दुपारी ते पेटलं. वारा समुद्राकडून, ज्वाळा भिंतीपेक्षा उंच. ते काही आमच्या हद्दीत नव्हतं. तिकडे जाण्याचा ना आम्हाला हुकूम होता, ना मोबदला.

दाऊदभाईंनी कुणालाही विचारलं नाही. होज भिंतीवरून पलीकडे टाकला आणि स्वतः त्याच्यामागून उतरले. मग आम्हीही उतरलो. मी त्यांच्या मागेच होज धरून होतो. समोर नुसती नारिंगी भिंत आणि तिच्याकडे चालत जाणारी त्यांची पाठ. मला खरंच वाटलं, हा माणूस आता थांबतच नाही. बंब आले तेव्हा अर्धं यार्ड शाबूत होतं.

अर्बाबचे डोळे भरून आले होते. त्याने पाकीट काढलं. दाऊदभाईंनी ते हाताने मागे सारलं. "खलास, अर्बाब, खलास. आपण शेजारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी फॅक्टरीच्या गेटवर एक धिप्पाड बोकड बांधलेला! एचआरवाल्याची पंचाईत. तो बाहेर येऊन अर्बाबला समजावू लागला, की कंपनीच्या पॉलिसीप्रमाणे आम्हाला गिफ्ट घेता येत नाही.

अर्बाब शांतपणे म्हणाला, "गिफ्ट कोण म्हणतंय? हा तुमच्या टीमचा नवा मेंबर. पाणी पितो, अलाउन्स मागत नाही!"

*

मग कुलकर्णी साहेब आले. पुण्याचे, नवे मॅनेजर, खर्च कमी करायला आणलेले. पहिल्याच महिन्यात सर्क्युलर निघालं: फायर टीमचा अलाउन्स बंद. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "व्हॉलंटियर या शब्दाचा अर्थच मुळी विनामोबदला असा आहे."

सावंतचा चेहरा लाल झाला. त्या पैशांतून तो पोरीच्या स्कूल बसची फी भरायचा. बाहेर आल्यावर आम्ही ठरवलं, सगळ्यांनी राजीनामा द्यायचा. दाऊदभाई हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

राजीनामे द्यायच्या आतच सॉल्व्हंटच्या खोलीला आग लागली. अलार्म वाजला. मी लॅबमधून धावलो. वाटेत मला वाटत होतं, आपण एकटेच असणार. जाऊन बघतो तर टीम अख्खी हजर! सावंत सूटची चेन लावत होता, तोंडाने शिव्या चालूच. सगळ्यांत पुढे दाऊदभाई.

आग आटोक्यात आली. कुलकर्णी साहेब काळ्या पाण्यातून चालत आमच्यापर्यंत आले. बुटांची वाट लागलेली. मग म्हणाले, "अलाउन्स तर बंद केला होता मी. तरी आलात?"

दाऊदभाई म्हणाले, "साहेब, आगीला सर्क्युलर मिळाला नव्हता!"

पुढच्या पगारात अलाउन्स होता. वाढवून.

*

आणि हा शेवटचा. हा सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

दाऊदभाई कायमचे घरी चालले होते. हिशेब पूर्ण झालेला, व्हिसा कॅन्सल, सूट आणि हेल्मेट स्टोअरमध्ये जमा. सावंत गाडी चालवत होता, मी मागे बॅगांबरोबर. मस्कतचं एअरपोर्ट गाठायचं होतं. कामगारांच्या कॅम्पमधून निघून वसाहतीच्या रस्त्याला लागलो आणि आमच्या फॅक्टरीवर काळा धूर दिसला.

"गाडी वळव," दाऊदभाई म्हणाले.

"दाऊदभाई, फ्लाइट..." सावंत ओरडला.

"वळव म्हनतो ना!"

पॅकिंग गोडाऊन पेटलं होतं. टीम पलीकडच्या बाजूने पाणी मारत होती. हजेरी झाली होती, आत कुणी नाही अशी सगळ्यांची खात्री होती. आम्ही अलीकडच्या दारापाशी पोचलो. अलार्म किंचाळत होता, पत्रे तडतडत होते, एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं. दाऊदभाई क्षणभर थांबले. मग घरी जाण्यासाठी शिवलेला नवा कुर्ता पाण्याने भिजवला, तोंडाला ओला टॉवेल बांधला, तापलेली कडी उघड्या हातांनी ओढली आणि आत शिरले. मी त्यांचा दंड धरायला गेलो, तो हाती लागला नाही.

बाहेर आले तेव्हा खांद्यावर मोइनुल होता. आमचा बांगलादेशी स्टोअरकीपर. त्याची त्या दिवशी सुट्टी होती, विसरलेला डबा न्यायला तो आला होता आणि धुरात पडला होता. मोइनुल वाचला. दाऊदभाईंचे दोन्ही हात भाजले.

भरपाईचा प्रश्न आला. दाऊदभाई तेव्हा कंपनीचे कुणीच नव्हते. शेवटी कुलकर्णी साहेब अडून बसले आणि उपचार, भरपाई, नवं तिकीट, सगळं मिळालं. आज दाऊदभाई गावी आपल्या हाताने जेवतात, पण ते सगळं नंतर.

त्याआधी मस्कतमधल्या अल् खुवैरच्या ऑफिसातून विम्याचा एक अधिकारी हॉस्पिटलमध्ये आला. मूळचा डोंबिवलीचा, सज्जन पोरगा. मी कॉटजवळ उभा होतो. त्याला प्रत्येक प्रश्न दोनदा, ओरडून विचारावा लागत होता, कारण इतकी वर्षं मशीनच्या आवाजात काढून दाऊदभाईंचे कान पार गेलेले. आम्हीही त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो.

तो म्हणाला, "चाचा, तुम्ही कर्मचारी नव्हता. टीममध्येही नव्हता. आत कुणी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मग तुम्ही आत गेलात कशासाठी?"

त्याने पुन्हा एकदा, कानाशी वाकून विचारलं.

दाऊदभाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू हा काय प्रश्न झाला.

"आतून कोन तरी खोकत होता, साहेब."