आभाळावरचे डाग

मुलांनो, तुम्ही विमानातून काढलेले ढगांचे फोटो मिळाले. पुढच्या आठवड्यात माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. ते कसं होईल ते होवो. मीही एकेकाळी ढगांचे फोटो काढत असे, हे त्याआधी लिहून ठेवते.

तेव्हा मी मॅट्रिक होऊन सोलापुरात घरीच होते. आमच्या गल्लीपलीकडे कापडगिरणी होती. सकाळी भोंगा झाला की चिमणी धूर ओकू लागे, आणि वारा पश्चिमेचा असला की तो सरळ आमच्या गच्चीवर उतरे. वाळत घातलेल्या धोतरांवर काजळी बसे. आत्या, म्हणजे वडिलांची विधवा बहीण, सारखी खोकत असे. तिला गावाबाहेर आमच्या मळ्यातल्या घरी राहायला पाठवा, म्हणून मी वडिलांच्या मागे लागले होते. ते वकील. गिरणीवर गाव जेवतं, उगाच धुराला नावं ठेवू नकोस, म्हणत. शेवटी वैतागून म्हणाले, "पुरावा आण."

मामाचा जुना कॅमेरा घरात पडून होता. त्यात फिल्मऐवजी काच घालायची. आभाळ नुसतं पांढरं येई. भिंगापुढे पिवळी काच धरली तरच ढग दिसत. मला दोन्ही एकत्र हवं होतं, वर पांढरा ढग आणि खाली आमच्या घरावर ओढलेला काळा धूर. ढग आला की वारा फिरे. वारा नीट असला की आभाळ मोकळं. मी जेवणावरून उठून जिन्याकडे धावे. हिला गच्चीनं झपाटलंय, असं आई शेजारणींना सांगे. पण खालून खोकला ऐकू आला की मला एका जागी बसवत नसे.

अखेर जमलं. काच नवी पेठेतल्या फोटोवाल्याला दिली. फोटो छापून आला तो वडिलांनी आधी पाहिला.

"छान आहे की आभाळ."

धूर कुठेच नव्हता.

मी तशीच दुकानात गेले. फोटोवाल्याकडे लग्नाच्या मुलींची रीघ असे. काचेवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे देवीचे वण घालवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"लई डाग हुते, ताई," तो खुशीत म्हणाला. "समदे काडले की. आता कुनीबी पसंत करंल."

टर्पेंटाइननं ती पेन्सिल मी त्याच्याकडूनच पुसून घेतली. नवा फोटो वडिलांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग माळ्यावरून आत्याची ट्रंक काढली.

मळ्यात तिचा खोकला कमी झाला, थांबला नाही. गिरणी आता बंद आहे. आत्याचा एकही फोटो निघाला नाही. ती काच उरली आहे, एक कोपरा तुटलेली.