दादा नाचायला शिकते

तिला सगळे 'दादा' म्हणतात आणि ती बाई आहे, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे घोळ होतो. वय एकावन्न, उंची अशी की बसमध्ये चढताना मान आधी वाकवावी लागते. चष्म्याच्या दुकानात ती मागच्या खोलीत बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. गिऱ्हाईक पुढे, ही मागे. दिवसभर तिच्याशी बोलतं ते फक्त घासायचं यंत्र, आणि तेही कुरकुरतं.

आई होती तोवर घरात निदान भांडायला माणूस होतं. सोळा वर्षं आईची औषधं, आईचे डॉक्टर, आईच्या टीव्हीचा आवाज, सगळं हिनेच ठरवलं. आई गेली आणि ठरवण्यासारखं उरलं काय, तर खिडकी उघडी ठेवायची की बंद.

मग धाकट्या बहिणीने फोनवरून टुमणं लावलं. "अगं ताई, तुमच्या वाचनालयावरच्या हॉलमध्ये स्विंग शिकवतात. जोडीने नाचायचं. पुरुष नेतो, आपण नुसतं त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर जायचं. डोकं म्हणून चालवायचं नाही!"

बाकीचं ती विसरली, पण हे शेवटचं मनात घर करून बसलं. कुणीतरी नेईल. आपण जायचं.

पहिल्याच गुरुवारी घात झाला. शिकायला चौदा बायका आणि पाच पुरुष, त्यातला एक बायकोने ढकलत आणलेला. मास्तरीणबाई दिवसा पोस्टात शिक्के मारतात आणि संध्याकाळी माणसांना ठेक्यावर आणतात. त्यांची नजर रांगेवरून फिरली आणि सगळ्यात उंच डोक्यावर थांबली.

"तुम्ही पुरुषांच्या बाजूला या हो. एवढा एक महिना."

त्या महिन्याची दोन वर्षं झाली. दर दोन मिनिटांनी जोडी बदलायची आणि प्रत्येकीला हिचीच घाई. "दादाचा हात धरला की पाय आपोआप पडतात बाई!" "ए, सरक, आता दादा माझा!" ती सगळ्यांबरोबर हसायची. घरी मात्र स्वयंपाकघराच्या दाराची मूठ धरून बायकांची बाजू करून बघायची. पण दार काही कुणाला नेत नाही.

त्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेळावा झाला. दुसऱ्या वर्गाची मंडळी आली होती, त्यात एक मिशीवाला वायरमन. तो सरळ हिच्यासमोर आला. "येताय?"

तिने हात दिला. गाणं सुरू झालं. त्याने डावा पाय उचलला, हिनेही डावाच. गुडघ्यावर गुडघा आपटला. त्याने गिरकी द्यायला हात वर केला, हिनेही केला, आणि दोघं पंखा बसवत असल्यासारखी उभी राहिली. कडवं संपेपर्यंत वायरमनच्याच तीन गिरक्या झाल्या होत्या.

"ताई, जरा मला करू द्या की!" तो हसत म्हणाला. गाणं संपल्यावर पाणी प्यायला गेला तो परत काही आला नाही.

बायकांनी तिखटमीठ लावून ही गोष्ट आठवडाभर चघळली. हसायला दादाही होती. फक्त जरा उशिरा हसली.

पुढच्या गुरुवारी ती बायकांच्या रांगेत, पार टोकाला जाऊन उभी राहिली.

"दादा, इकडे कुठे? मग तिकडे कोण?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा."

"रुसला वाटतं दादा," कुणीतरी कुजबुजलं. "आता आमचं कसं गं?"

तिने मान वर केली नाही. पुरुष कमी, त्यामुळे पहिल्या फेरीत तिच्यासमोर कुणी नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. हवेत हात धरून ती एकटीच पावलं टाकत राहिली. तिसऱ्या फेरीला एक नवखा आला, तळहात घामाने चिंब.

"अहो, सुरुवात कुठल्या पायाने करायची?" त्याने हळूच विचारलं.

उत्तर तिला झोपेतही आलं असतं. ते अगदी ओठांवर आलंही. बोटं त्याचा हात दाबून दिशा द्यायला शिवशिवली. तिने ती सैल सोडली आणि ओठ घट्ट मिटले.

त्याने तिच्याकडे पाहिलं, शेजारच्याकडे पाहिलं, आणि उजवा पाय उचलून थेट तिच्या अंगठ्यावर ठेवला.

"सॉरी हं! चुकलं ना?"

"पुन्हा करा," ती म्हणाली आणि तो काय करतो याची वाट बघत उभी राहिली.