दादांची फुंक

दादांनी तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं होतं आणि आपल्या छातीचा त्यांना भारी अभिमान. एका दमात किती वेळ सूर धरतो, हे ते कुणी न विचारताच सांगायचे. धाकट्या भावाकडे आठ दिवस राहायला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी सांगून झालं. धाकटा हसला, हसता हसता खोकला आणि मग बराच वेळ खोकतच राहिला.

ते शहर म्हणजे एक कारखाना आणि त्याच्या धुरात राहणारी माणसं. सकाळी पुसलेला ओटा दुपारी राखाडी व्हायचा. कपडे घरातच वाळायचे, वाढलेल्या ताटावर दुसरं ताट पालथं घालावं लागायचं. घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या प्रत्येक वळणावर कुणी तरी एक खुर्ची आणून ठेवली होती, पण दम लागला असं कुणी म्हणायचं नाही. धाकटा पहिल्या खुर्चीवर बसून किल्ली शोधायचा, दुसऱ्या खुर्चीवर पुन्हा शोधायचा. किल्ली त्याच्या हातातच असायची.

कारखान्यात दरवर्षी श्वासाची तपासणी असे. नळीत फुंकायचं, यंत्रावर आकडा यायचा. आकडा कमी आला की नोकरी गेली. घर कारखान्याचंच, म्हणजे तेही गेलं. धाकटा गेटजवळच्या वजनकाट्यावर होता. भट्ट्यांपासून लांबची ती जागा त्याने साहेबांच्या हातापाया पडून मिळवली होती. त्याची तपासणी गुरुवारी होती.

"दादा, माझ्याऐवजी तू जा," तो म्हणाला.

"वेडबिड लागलंय का तुला? पकडलं तर?"

"कोण पकडतंय? सगळ्यांची तोंडं बांधलेली. फुंकताना रुमाल खाली करायचा, पण नर्स आकडा बघते, माणूस नाही. फक्त एक कर, अर्धंच फुंक. नुसतं पास व्हायचंय. फार चांगला आकडा नको."

दादांनी कबूल केलं आणि खरंच, आधी त्यांनी अर्धंच फुंकलं. नर्स मान वर न करता म्हणाली, "हे काय, जोर लावा." मागे उभा असलेला कारकून फिदीफिदी हसला. "वजनकाट्यावरचा ना हा? बसून बसून हवा गेलीय सगळी."

झालं. आयुष्यात दादांना असं कुणी बोललं नव्हतं. भावाचा शब्द त्या क्षणी डोक्यातून साफ गेला. त्यांनी छाती भरून घेतली आणि वरातीपुढे फुंकावं तसं फुंकलं. नर्सने यंत्र बिघडलं की काय म्हणून पुन्हा फुंकायला लावलं. मग डॉक्टर आला आणि त्याने पाठ थोपटली. घरी येताना दादांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"पास?" धाकट्याने विचारलं.

"पास काय विचारतोस? अख्ख्या कारखान्यात पहिला आलास."



सोमवारी धाकट्याच्या हातात कागद पडला. अशी छाती वजनकाट्यावर वाया घालवायची नाही, उद्यापासून भट्टीच्या आत राख काढायला. आतल्या कामाला नेहमी चांगल्या छातीचीच माणसं निवडत, कारण बाकीची महिनाभरही टिकत नसत. नाही म्हणायची सोय नव्हती. फुंकणारा मी नव्हे असं सांगितलं, तर नोकरी आणि घर दोन्ही त्याच दिवशी गेलं असतं. मंगळवारी सकाळी धाकट्याने डबा घेतला. "येतो दादा," एवढंच म्हणाला आणि जिना उतरला. शिव्या घातल्या असत्या तरी दादांना बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी दादा परत निघाले. भावजय त्यांना सोडायला खाली येत होती. जिन्याच्या वळणावर ती थांबली, खुर्चीवरची राख हाताने पुसली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, थोडं कमी फुंकता आलं नसतं का हो?"

दादांना दम लागला नव्हता. तरी ते त्या खुर्चीवर बसले आणि खिशात काही तरी शोधू लागले.