टप्पा संपला की तिकीट संपलं

बोलायला तोंड उघडण्याआधी काका उजवा तळहात पुढे करायचे. एसटीत तिकीट तपासण्यात उभा जन्म काढलेला माणूस. निवृत्त होऊन नाशिक रोडला माझ्या समोरच्या दारात राहायला आला, पण हात काही निवृत्त झाला नाही. दूधवाला असो, सिलिंडरवाला असो, नाहीतर माझे सासरे असोत, जिन्यात आधी तो तळहात आडवा यायचा. मग प्रश्न, "कुठून आले? कुठं चालले?"

तुमच्याही इमारतीत असा एखादा संशयी माणूस असेलच. आमचा जरा जास्त मुरलेला होता. कलिंगडवाल्याने "लाल निघंल" म्हटलं की काकांची खात्री पटायची, हे पांढरंच आहे.

नोकरीतला एक किस्सा ते नेहमी सांगत. नांदगावच्या गाडीत एक प्रवासी बसला होता, चांगला इस्त्रीच्या कपड्यातला. तिकीट तपासलं, बरोबर होतं. काका खात्याच्या जीपने पुढे जाऊन एका थांब्यावर पुन्हा त्याच गाडीत चढले, तर हा अजून तिथेच आणि तेच तिकीट ऐटीत दाखवतोय. उतरायचं गाव केव्हाच मागे पडलेलं.

"तिकीट खोटं नव्हतं, सर. पण टप्पा संपला की तिकीट संपलं. माणूस पुढं गेला तर परत बघावंच लागतं."

हे वाक्य जवळ आलं की मी चप्पल शोधायला लागायचो.

साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाचा जीव एकाच ठिकाणी अडकला होता. काकूंना जुना दमा. करोना आला तेव्हा काकांनी दारासमोर खुर्चीच टाकली. काकू आमटीला लसणाची फोडणी द्यायच्या, तिचा वास खाली पार्किंगपर्यंत जायचा. काका तेवढ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे.

"वास आला का?"

"आला."

"कसला?"

लसणाचा म्हटल्याशिवाय सुटका नसे. कुणी खोकत आला आणि टेस्ट निगेटिव्ह असल्याचं सांगू लागला, तर पुढचा प्रश्न ठरलेला, "खोकला टेस्टच्या आधीचा का नंतरचा?" खालच्या मजल्यावरचे वकील यावरून इतके भडकले की त्यांनी काकांशी बोलणंच टाकलं.

दुसऱ्या लाटेत काकांनाच ताप आला. लगेच टेस्ट केली, निगेटिव्ह आली. तापही उतरला. काकूंनी शिरा करून सगळ्यांच्या दारात वाट्या ठेवल्या आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

आणि एका सकाळी काका गादी काखेत मारून गच्चीवरच्या खोलीत राहायला गेले. झालं, आता संशय घ्यायची पाळी आमची. नवरा-बायकोचं वाजलं, यावर इमारतीचं एकमत झालं. वकिलांना तर भांडणाचा आवाजही ऐकू आला होता म्हणे. मीही खरं-खोटं काढायला चहा घेऊन वर गेलो. काकांनी लांबूनच हात केला, पण या वेळी तळहात उभा होता.

"तिथंच थांबा, सर. सकाळी तिनं फोडणी दिली. कढई माझ्या डोळ्यापुढं, आणि वास काय येईना. तिला इचारलं, लसूण टाकला का? म्हणे, टाकला की."

मी म्हटलं, अहो, रिपोर्ट आत्ताच तर निगेटिव्ह आलाय.

"तो तापाच्या वेळचा. वास नंतर गेला. डॉक्टरला बी फोन केला, तेही म्हणले, नवीन काही सुरू झालं तर परत करायची. आणि ती खाली एकटी हाय, तिला दमा हाय."

त्यांनी दुसऱ्यांदा टेस्ट केली. पॉझिटिव्ह.

काकांना दवाखान्यात न्यावं लागलं, ऑक्सिजन लावावा लागला. काकूंची टेस्ट निगेटिव्ह आली. पुढे त्यांचा घसा खवखवायला लागला, तेव्हा काकांनी पलंगावरून मला फोन करून त्यांची पुन्हा टेस्ट करायला लावली. तीही निगेटिव्ह. मी फार उत्साहाने फोनवर सांगितलं.

"कधीपर्यंतची?" काकांनी विचारलं.

"नवीन काही झालं तर परत करू, काका."

"बघाल ना?"

"बघतो."

"बरं," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाच्या तरी नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला असावा, आणि तो माझ्या. काका परत आले नाहीत. काकूंना मात्र काही झालं नाही.

परवा मला सर्दी झाली. हल्ली कोण टेस्ट करतं, पण मी केली. निगेटिव्ह आली. दोन दिवसांनी डोकं जड झालं आणि चहा बेचव लागायला लागला. पुन्हा टेस्ट करायला म्हणून बाहेर पडलो, तर काकू दारात उभ्या होत्या. परत टेस्टला चाललोय, म्हटलं.

"वास आला का?"

"आला."

"कसला?"

मी नाक वर केलं. "काकू, तुमचा लसूण करपतोय."

त्या हलल्या नाहीत. माझ्याकडे नीट निरखून बघत राहिल्या.

"मग बरं हाय," म्हणाल्या. "तरी जाऊन या." आणि गॅस बंद करायला आत गेल्या.