काचेच्या कपाटातल्या मुंग्या

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंत, हातात फडकं. अशी बाई काही सांगायला गेली की लोक विचारतात, "चहा झाला का?" पेठेतल्या आमच्या लहानशा म्युझियममध्ये मी सतरा वर्षं काचा पुसते. काचा पुसणारीला सगळं दिसतं. किस्से मग धुळीसारखे साठतात, रोज झटकले तरी!

*

"मॅडम, तीन नंबरच्या कपाटात मुंग्या आहेत," मी म्हटलं. त्या कपाटात कुणा सरदाराची पगडी, शेजारी पितळेचा पानाचा डबा. केतकी मॅडम शाळेच्या मुलांना जुन्या वस्तू कशा जपायच्या ते शिकवतात.

"अहो मंदाताई, कपाटाला कुलूप आहे. आत खायला आहे काय?"

"तेच तर मी विचारतेय!"

आठवड्याभरात पगडीला भोक पडलं. खळीच्या कापडाला झुरळ लागलं, असं मॅडम म्हणाल्या. पण झुरळ आलं कशाच्या वासानं?

आमचे संचालक सबनीस साहेब. त्यांनी मलाच बोलावलं. "मंदाबाई, आपण डबा कुठे खाता?"

"जिन्याखाली."

"खरकटं सांडत असणार. आणखी एक भोक पडलं तर कंत्राट संपलं म्हणून समजा."

सतरा वर्षं झाली, माझ्या डब्यातून शीत खाली पडलेलं नाही. पण ऐकतो कोण?

*

मग मी एकेकावर डोळा ठेवला. आधी पोरांवर. हिंजवडीहून एका शाळेची बस आली, चौथीची मुलं. मॅडमनी प्रत्येकाला एक कागद दिला. वर लिहिलेलं, 'वस्तूंचे शत्रू'. खाली ऊन, ओल, कीड, हात. पाचवी ओळ रिकामी. ती मुलांनी स्वतः शोधून भरायची.

"घामट बोटानंसुद्धा पितळेवर डाग पडतो," मॅडम सांगत होत्या.

एक जण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मग या आजी रोज हात लावतात ते?"

आजी! मी त्याचे दोन्ही खिसे उलटे करायला लावले. चिक्की निघाली. पण कुलूप त्याला कसं उघडणार? सोडला.

*

दुसरा संशय वॉचमन शिंदेवर. वारज्याहून येतो, येताना वडापाव आणतो, चटणीसकट.

"शिंदे, कपाटाची किल्ली कुठंय?"

"ताई, मला गेटची देतात तेच उपकार!"

खरंच होतं. कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक मॅडमकडे, एक साहेबांकडे. मॅडम दुपारी काकडी खातात. काकडीला मुंग्या लागलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत.

*

शिंदेच्या मुलीला नोकरी लागली, त्यानं पेढे आणले. साहेबांनी लांबूनच हात जोडले. "शुगर आहे. वर्षभर गोडाला शिवलो नाही. घरी तर बाईसाहेब माझी बॅगसुद्धा तपासतात."

सगळे हळहळले. संध्याकाळी शिंदे टेबलाखाली वाकून बॉक्स शोधतोय. "अहो, अर्धा तरी उरला होता!"

साहेब जाता जाता म्हणाले, "मंदाबाईंच्या मुंग्यांना विचारा."

*

मी कुलपाच्या तोंडाला कुंकू फासलं. दुसऱ्या दिवशी साहेबांची चिमटी लाल!

"साहेब, बोटाला काय?"

"सकाळी देवपूजा केली."

ऑफिसच्या गणपतीच्या आरतीला मोबाइल बघत बसणारा माणूस! पण मॅडम माझ्यावरच घसरल्या. "कुलपाला कुंकू? इथल्या वस्तू ऐतिहासिक आहेत, मंदाताई!"

"कुलूप रविवार पेठेतलं आहे, पेशव्यांचं नाही!"

*

शेवटी पगडीला दुसरं भोक पडलं. सकाळीच साहेबांनी मला काढायचं पत्र टाइप करायला दिलं, आणि दुपारी एक शाळा आली. मुलांना कीड दाखवायची म्हणून मॅडमनी हातमोजे घालून तीन नंबरचं कपाट उघडलं. साहेब दारात उभे, मी फडकं घेऊन कोपऱ्यात. पत्र साहेबांच्या हातात.

मॅडमनी पानाचा डबा उचलला. "मुलांनो, यात सरदार काय ठेवत असतील?"

"पान!" "सुपारी!"

झाकण उघडलं. कागदात गुंडाळलेले पेढे, आणि मुंग्यांची ही रांग!

"मॅडम, किती वर्षं जुने?" एकानं विचारलं.

दोन वेण्यांच्या एका मुलीनं नाक पुढे केलं. "जुने कुठले? ताजे आहेत!"

साहेब एकदम पुढे आले. "मंदाबाई, हे काय आहे?"

ती मुलगी पेढ्यांखालचा कागद वाचत होती. रक्ततपासणीचा रिपोर्ट होता, वर नाव छापलेलं. तिनं साहेबांच्या छातीवरचा बिल्ला बघितला, पुन्हा रिपोर्ट बघितला, आणि मॅडमनी दिलेला शत्रूंचा कागद काढून खाली मान घालून लिहायला बसली.

मुलं गेल्यावर त्यांचे कागद मीच गोळा केले. तिचा सगळ्यात वर ठेवला आणि साहेबांच्या टेबलावर, माझ्या पत्राशेजारी नेऊन ठेवला. वस्तूंचे शत्रू: ऊन, ओल, कीड, हात. आणि पाचव्या ओळीत, सुवाच्य अक्षरात: सबनीस.