न गेलेला रविवार

भुताखेतांच्या गोष्टी मी जेवताना ऐकते आणि हात धुवेपर्यंत विसरते. असल्या गोष्टींवर विश्वास... छे! म्हणूनच हे लिहिताना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटतेय.

आम्ही जपानमध्ये, नागोयात राहतो. नवरा मंदार इंजिनिअर, मुलगी इरा दुसरीत. गेल्या नोव्हेंबरमध्ये गाडीने दोन तासांवरच्या एका डोंगरी गावात गेलो होतो. गाव म्हणायचं आपलं — कागदोपत्री ते आता शहर आहे. पुण्याला 'समाविष्ट गावं' असतात ना, तसंच. फक्त इथे ते शहर तीन डोंगर पलीकडे! गावातली कचेरी बंद, बसही बंद.

तिथे एकट्या राहणाऱ्या एका आजींनी हाक मारून आम्हाला चहा पाजला. निघताना मी म्हटलं, "माता किमास." आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो — तेच मी सवयीने जपानीत ढकललं. पण तिकडे त्याचा अर्थ सरळ 'पुन्हा येईन'.

आजींचा चेहरा फुलला. "कधी?"

मी गडबडले. "पुढच्या... रविवारी?"

"आई, दॅट्स अ प्रॉमिस," इरा कुजबुजली.

"नक्की या हं," आजी म्हणाल्या. "गाव शहरात गेलं तेव्हा साहेब लोकही येतो म्हणाले होते. वाट बघून कंटाळले मी."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो नाही. सबब एकही नाही, निव्वळ आळस. मंदार लोळत पडला, मी मैत्रिणींना पावभाजीला बोलावलं. गाडी दिवसभर पार्किंगमध्ये.

मनाला मात्र खात राहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी माफी घोकत, बिस्किटांचा डबा घेऊन गेलो. गाडीतून उतरतोय तोच आजींचे शेजारी मंदारसमोर वाकले. "त्या दिवशी लाकडं रचू लागलात, फार मदत झाली."

मंदार? जो घरी पाण्याचा ग्लास उचलत नाही?

"कोणत्या दिवशी?" त्याने विचारलं.

"गेल्या रविवारी. तिघंही आला होतात की!"

तेवढ्यात आजी बाहेर आल्या आणि इराची हनुवटी धरून म्हणाल्या, "दात पडलेली जागा दुखत नाही ना गं आता?"

इराचा दात आमच्या पहिल्या भेटीनंतर पडला होता, घरी, शुक्रवारी. आणि आत्ता तर तिने तोंडही उघडलं नव्हतं...

"शब्द पाळलात तुम्ही," आजी मला म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

माफी ओठांवर होती हो! पण मी काय म्हणाले? "त्यात काय एवढं!" इराने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

चहा झाला. मंदारने दोनदा फोन पाहिला, मी पर्स उचलली.

"आज घाईत दिसता," आजी हळूच म्हणाल्या. "त्या दिवशी अंधार पडला तरी कुणी उठायचं नाव घेत नव्हतं."

ते तिघं कोण होते, याचं उत्तर आमच्याकडे अजूनही नाही. एवढं मात्र कळलं — आजींना आमच्यापेक्षा तेच जास्त आवडले होते.