स्विचवरची लाल पाटी

नाशिकरोडचे वाल्मीक सानप वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि छायाबाईंच्या जिवाला घोर लागला. लोक निवृत्तीनंतर बागेत चकरा मारतात. यांनी पाणी पेटवायला घेतलं! बंद पडलेल्या एका दवाखान्यातून गुडघे शेकायचं जुनं मशीन आणलं. त्याच्या रेडिओ लहरी मिठाच्या पाण्यात सोडल्या की पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो. काडी लावली की परीक्षानळीच्या तोंडावर पिवळी ज्योत. मिळतं त्याहून वीज जास्त जाते, हे तेच सांगायचे. मग कशाला? तर, बघायला.

ज्योतीपर्यंत ठीक होतं. पण आज सकाळी त्यांनी लोणच्याची काचेची बरणी घासली, झाकणाला मेण लावलं आणि वारा नको म्हणून मागच्या खोलीच्या तिन्ही खिडक्या लावून घेतल्या.

"अहो, बरणी कशाला?"

"गॅस साठवतो. किती निघतो ते मोजायला नको?"

"दोन्ही गॅस एकाच बरणीत?"

"अगं, बीएस्सी तुझी का माझी?"

"माझी. तुमचा आयटीआय."

ते हसले, मीठ ढवळत राहिले. छायाबाईंना हसू येईना. त्या बरणीला एक ठिणगी पुरे होती. काचा थेट छातीत. बोलून हा माणूस ऐकणार नाही, हे चाळीस वर्षांत कळलं होतं.

त्यांनी मेन स्विच पाडला. नवऱ्याने नोकरीची आठवण म्हणून जपलेली लाल पाटी त्यावर अडकवली: 'काम चालू आहे. स्विच लावू नये.' खाली खडूने स्वतःचं नाव लिहिलं.

वाल्मीकराव तणतणत आले. हात पाटीकडे गेला आणि थबकला. पाटी लावणाऱ्यानेच ती काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. नोकरीभर पाळलेला नियम. एकदा हाताखालचा नाथा पाटी न काढताच घरी गेला, तर यांनी केंद्रातला पंप बंद ठेवून त्याला जेवणावरून उठवून आणला होता.

हात अजून वरच होता. यांनी पाटी ओढली, तर आता दुसरा उपाय नाही.

"काय काम चाललंय?"

"तुम्हाला जिवंत ठेवायचं. खिडक्या उघडा, बरणी इकडे द्या. मग काढते."

हात खाली आला. बरणी आली. आतून एक कडी वाजली, मग दुसरी.

"तिसरी?"

"गंजलीय."

"तेल घाला. मी थांबते." आणि बरणी मांडीवर घेऊन त्या स्विचखालीच स्टुलावर बसल्या.